बिनचिमट्याची गाडी

माननीय व्याहीबुवा यांना,

ब्रेकमास्तरचा मनापासून नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर काय लिहावं या विचारात सकाळचा चहा गार झाला. आधी ‘व्याहीबुवा’ लिहिलं, ते खोडलं. मग ‘श्रीयुत’ लिहिलं, तर ते वकिलाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. नुसतं तुमचं नाव लिहावं, तर इतक्या वर्षांत ते माझ्या तोंडात कधी आलेलंच नाही. शेवटी नवा कागद घेतला आणि पुन्हा ‘व्याहीबुवा’च लिहिलं. तुमची मुलगी आणि माझा मुलगा वेगळे झाले, त्याचा कोर्टाचा कागद मी चष्मा पुसून दोनदा वाचला आहे. ते दोघं आता एकमेकांचे कोणी लागत नाहीत, हे त्यात अगदी खुलासेवार आहे. सोफा कोणाला, कपाट कोणाला, धुलाईचं मशीन कोणाला, सगळं आहे. आपण दोघं मात्र कोणाच्या वाटणीला आलो, याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा दुसरा शब्द सापडेपर्यंत हाच चालवून घ्या.

तुमची साखर कशी आहे? विहीणबाईंची पाठ बरी आहे ना? (त्यांना म्हणावं, वाकून केर काढू नका, तुम्ही काढा.) मी मजेत आहे. वजन जरा उतरलंय, पण ते उतरवा म्हणून डॉक्टर माझ्या मागे लागलेच होते, म्हणजे काहीही न करता काम झालं. घरात शांतता आहे. इतकी, की फ्रिजची घरघर मध्येच थांबली तर मी दचकून ‘काय झालं?’ असं विचारतो. पूर्वी मी रेडिओ मोठ्याने लावायचो, हल्ली बारीक लावतो, कारण दारावर कोणी टकटक केली तर ऐकू यायला हवी. परवा टकटक झाली. गॅसवाला होता, आणि तोही शेजारच्या दाराऐवजी चुकून माझ्याकडे आला होता. तरी मी त्याला पाणी दिलं, बसवलं, पंखा लावला. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊनच पाणी प्याला.

पत्र कशाला, सरळ फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. केला होता. तुमचा मोबाइल लागेना (तो तुम्ही औषधांच्या जुन्या डब्यात ठेवून विसरता हे मला ठाऊक आहे, म्हणून राग धरला नाही), मग तुमच्या घरच्या फोनवर लावला. उचलला सूनबाईने. म्हणजे तुमच्या मुलीने. माझं ‘हॅलो’ ऐकल्याबरोबर ती सवयीने ‘बोला ना बाबा’ म्हणाली. मला विचारायचं होतं, बाळ, कशी आहेस, जेवतेस ना वेळेवर. त्याऐवजी मी ‘राँग नंबर’ म्हणालो! अहो, फोन मी केला होता! स्वतः फोन लावून राँग नंबर म्हणणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? आणि तेही त्याच आवाजात, जो आवाज तिला गाडी शिकवताना महिनाभर तिच्या कानाशी ‘क्लच, क्लच, अगं क्लच’ म्हणून केकाटत होता. तिनेही ‘बरं’ म्हणून हळूच फोन ठेवला. तेव्हापासून मी फोनच्या वाटेला गेलेलो नाही. पत्रात निदान कोणाचा आवाज ओळखू येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. (येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्येसुद्धा मी पहिला अर्धा तास इंजिनाचा इतिहासच सांगायचो.) मुद्दा आपल्या गाड्यांचा आहे. तुम्हाला आठवत असेल, मुलांची बोलणी करायला आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा बायका हॉलमध्ये देण्याघेण्याचं काही नको, मुलं सुखात राहू देत वगैरे बोलत होत्या आणि माझं लक्ष तुमच्या कपाटाच्या माथ्यावर होतं. तिथे लाल रिमोटवाली जीप. जुन्या काळातली, एका बटणाची, खोक्यासकट, खोक्याच्या आतल्या थर्माकोलसकट! तुम्ही माझी नजर पाहिलीत आणि सरळ स्टूल आणायला गेलात. बटण दाबलं की सरळ जाणार, सोडलं की मागे येणार, आणि वळणार तीही मागे येतानाच. मी हयातभर लोकांना पुढे बघून वळायला शिकवलं होतं, त्यामुळे पहिल्याच फेरीत ती मी तुमच्या पलंगाखाली घातली, आणि मग तुम्ही आणि मी, दोन नवे व्याही, इस्त्रीच्या कपड्यांत पोटावर झोपून ती काढत होतो. आमची ही दारात येऊन म्हणाली, ‘अहो, ठरलं!’ आपण दोघांनीही विचारलं, ‘काय?’ ती असेपर्यंत हा किस्सा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय. तुम्ही तिथे होता हे मला माहीत आहे.

मग आपण दोघांनी मिळून जमवलेला जुन्या रिमोट गाड्यांचा सगळा संग्रह अजून माझ्याकडेच आहे, मुलाच्या जुन्या खोलीत. तुमच्याही गाड्या आहेत. सगळ्या जागच्या जागी, खोक्यांवर तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. (आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेल्या माणसाने खेळण्याच्या खोक्यावर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ असं लिहावं, यावर मी अजून एकटाच हसतो.) सेल गळून हिरवे पडलेले कप्पे तुम्ही व्हिनेगरने पुसून ठेवले होते, ते तसेच स्वच्छ आहेत. कडक झालेले टायर मी अधूनमधून चोळतो. तुम्ही तुमच्या गाड्या न्यायला आला नाहीत, तेव्हा आधी मला बरं वाटलं. म्हटलं, गाड्या इथे आहेत म्हणजे माणूस कधी ना कधी येणार. मग दिवसांमागून दिवस गेले आणि वाटायला लागलं, जो माणूस जुन्या गाडीचा एवढासा स्क्रू शोधायला माझ्या घरातल्या सगळ्या सतरंज्या झटकायचा, तो आपल्या गाड्यासुद्धा न्यायला येत नाही, म्हणजे त्याला इथे पाऊल ठेवायचंच नसणार. असं मनात आलं की त्या खोलीचं दार मी लोटून घेतो.

पण गाड्या बसवून ठेवल्या तर खराब होतात, हे तुमचंच म्हणणं. म्हणून मी शर्यती चालू ठेवल्या आहेत. पिवळी माझी, निळी तुमची, उजव्या हातात माझा रिमोट, डाव्या हातात तुमचा. जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. तुमची निळी पुढे जायला लागली की माझा डावा अंगठा आपोआप ढिला पडतो. आधी मीच जिंकत होतो. मग म्हटलं हे काही खरं नाही, एकदा तुम्हाला मुद्दाम जिंकू दिलं. ते मला कळलं आणि तुमच्या वतीने मी भडकलो. मुद्दाम जिंकू देणं हा अपमान आहे की नाही? हे भांडण बराच वेळ चाललं. (माझी बाजू भक्कम होती.) खालच्या मजल्यावरच्या बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. पूर्वी मला त्यांचा राग यायचा. हल्ली मीही वरून टाच आपटून उत्तर देतो. तेवढीच बोलाचाली. त्यांना ते कसं वाटतं माहीत नाही, पण काल जिन्यात मला बघून त्या भिंतीला चिकटून गेल्या.

तर शेवटी ठरवलं की घरात बसून उपयोग नाही, माणसांत जायला पाहिजे. रविवारी पिवळी पिशवीत घातली आणि एकटाच गेलो आपल्या रिमोट गाड्यांच्या मंडळात. बंद पडलेल्या बाजाराच्या मागचं तेच पार्किंग, तीच मंडळी, त्याच जुन्या गाड्या, तीच कोणाची अँटेना किती लांब यावरून चाललेली बाचाबाची. मला बघून सगळ्यांचे चेहरे खुलले आणि मग सगळ्यांनी माझ्या मागे बघितलं. मीही वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

पुढचं ऐकून तुम्ही डोक्याला हात लावाल. आपल्याकडे तो लाकडी फळा आहे ना, रंगीत चिमट्यांचा? हे मी तुम्हाला कशाला समजावतोय, पण हे पत्र विहीणबाईंनी वाचलं तर त्यांना कळावं म्हणून लिहितो: प्रत्येक रिमोट एका ठरावीक लहरीवर चालतो आणि एकाच लहरीवर दोन रिमोट चालू झाले की एकाची गाडी दुसऱ्याचं ऐकायला लागते. म्हणून मैदानावर नियम असा, की आपल्या लहरीच्या रंगाचा चिमटा फळ्यावरून काढून शर्टाला लावायचा, मगच रिमोट चालू करायचा. फळ्यावर चिमटा नसेल तर थांबायचं. साधा नियम आहे. पोरंबाळंही पाळतात. आता मला सांगा, इतक्या वर्षांत मी कधी चिमटा काढलाय? तुमच्याच शर्टाला दोन चिमटे असायचे, एक तुमचा, एक माझा. गाडीच्या पोटाखालचं बटण तुम्ही चालू करायचात, अँटेना तुम्ही ओढायचात, गाडी जमिनीवर तुम्ही ठेवायचात आणि म्हणायचात, ‘मास्तर, चला.’ मग मी चालवायचो. गाडी उलटली की धावत जाऊन सरळ तुम्हीच करायचात. मी इतकी वर्षं स्वतःला चालक समजत होतो, पण माझं खरं काम दोन अंगठ्यांचं होतं.

त्या रविवारी मी गाडी जमिनीवर ठेवली, रिमोट चालू केला आणि दांडी पुढे ढकलली. गाडी हलेना. (हलणार कशी? पोटाखालचं बटण बंद.) मला वाटलं, थंडावली असेल, म्हणून दांडी पार शेवटपर्यंत दाबली. तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला. आपले दातांचे डॉक्टर आहेत ना, त्यांनी ती चंदेरी मोटार आणली होती. तीच, जी गेली कित्येक वर्षं ते नुसती दाखवायला आणायचे आणि रुमालाने पुसून परत न्यायचे. त्या दिवशी कोणाच्या तरी आग्रहाला बळी पडून त्यांनी पहिल्यांदा ती जमिनीवर टेकवली होती, आणि ती बाई सुसाट सुटली! सरळ. डॉक्टर तिच्या मागे, त्यांच्या मागे दोघंतिघं. मी माझी दांडी आणखी जोरात दाबतोय, कारण माझी अजून हलत नाहीये. मैदानभर एकच गलका, ‘कोणाचा रिमोट चालू आहे?’ आणि व्याहीबुवा, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. ‘कोण आहे तो गाढव? बंद कर आधी!’ असं मी हात उंचावून ओरडत होतो, आणि त्याच हातात माझा रिमोट होता. चंदेरी मोटार गटाराच्या काठाशी पोचली तेव्हा माझा उजवा पाय सवयीने जमिनीवर जोरात दाबला गेला. माझ्या शिकाऊ गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असायचा, त्यावर मी शेकडो माणसं वाचवली. इथे पायाखाली नुसतं डांबर. गाडी नाकावर गटारात गेली.

डॉक्टर पांढऱ्या पँटनिशी आत उतरले. मग शिट्टीवाले (आपले खेळाचे शिक्षक हो, मंडळाचे प्रमुख) माझ्याजवळ आले. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. ते नुसते माझ्या शर्टाकडे बघत राहिले. मग मीही बघितलं. रिकामा खिसा. त्यांनी माझ्या हातातून रिमोट हळूच काढून घेतला, बंद केला, आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून मला सावलीत बसवलं. कोणीतरी चहा आणून दिला. मी खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं चहा गरम आहे.

निघताना दोन निर्णय झाले. एक, मास्तरांनी जोडीदार बरोबर असल्याशिवाय रिमोटला हात लावायचा नाही. दुसरा डॉक्टरांनी दिला. त्यांनी चंदेरी मोटार टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली, आजारी पोर सोपवावं तशी, आणि बजावलं की ही तुमच्या व्याहींकडून वाळवून घ्या, तुम्ही स्वतः उघडायची नाही. तेव्हा ती सध्या माझ्याकडे, खिडकीशी, उन्हात आहे. आत पाणी गेलंय. वायरी काळ्या पडल्यात. स्पिरिट कोणतं वापरायचं, कापूस की ब्रश, मोटर काढायची की तशीच ठेवायची, हे उलट टपाली कळवावं, एवढ्यासाठी हा सगळा पत्रप्रपंच.

बाकी, मुलाचा फोन येतो. परवा मी सहज म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना पत्र लिहावं म्हणतोय. तो म्हणाला, बाबा, आता त्यांच्याशी आपला काय संबंध, उगाच त्यांनाही अवघड होईल. तो वाईट नाही हो. आणि तुमची मुलगीही वाईट नाही. त्या दोघांचं का जमलं नाही हे मी दोघांकडूनही ऐकलं, आणि दोघांचंही पटलं, त्यामुळे मला काहीच कळलेलं नाही. तुम्ही मुलीचे बाप, तुम्हाला तिच्या बाजूने उभं राहायलाच हवं. मी तुमच्या जागी असतो तर जावयाच्या बापाचं तोंड बघितलं नसतं. पण मी मुलाला सांगितलं, ते तुझे सासरे होते तेवढे पुरे, माझे ते मित्र आहेत आणि मला दुसरा नाही. त्यावर त्याने मग विचारलं, बाबा, तुम्ही नीट जेवता ना? मी म्हटलं, जेवतो.

उत्तराची घाई नाही. सवडीने लिहा. विहीणबाईंना नमस्कार, आणि तिला आशीर्वाद. (कोणाला ते तुम्हाला कळलंच असेल.)

आपला,
ब्रेकमास्तर

ता. क. : वर चंदेरी मोटारीबद्दल जे विचारलं आहे त्याचं उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. ती मंगळवारीच चालू झाली. मी उघडली, केस वाळवायच्या मशीनने वाळवली, पुसली, बंद केली. एक स्क्रू उरला, तो कपबशीत ठेवला आहे. गाडी उत्तम धावते. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तुम्हाला बोलवायला काही कारण उरत नाही.

आणखी ता. क. : खरं कारण लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी जोडीची शर्यत आहे. एकाने चालवायची, दुसऱ्याने धावून उलटलेली गाडी सरळ करायची. मी आपलं दोघांचं नाव देऊन बसलो आहे. झालं असं की, तुम्ही का येत नाही असं सगळे विचारायला लागले, आणि माझ्याच्याने खरं काही सांगवेना. कोर्ट, कागद, हे शब्दच तोंडातून फुटेनात. म्हणून मी सांगितलं की तुम्ही बाथरूममध्ये घसरलात आणि तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डाव्या. सगळ्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी तुमच्यासाठी एक छानशी काठी आणली आहे, रबरी बूड असलेली, ती माझ्या दारामागे उभी आहे. फळंही दिली होती. ती टिकणारी नव्हती, म्हणून मी खाल्ली.

तेव्हा येणार असाल तर कृपा करून लंगडत या. सबंध वाट नको. बसमध्ये नीट बसा, स्टॉपवर उतरा, तिथे मी सकाळपासून काठी घेऊन उभा असेन. तिथून मैदानापर्यंत लंगडलं की झालं. लंगड्या माणसाला धावता येत नाही, हे माझ्या आता लक्षात येतंय, म्हणून या खेपेला रिमोट तुमच्या हातात आणि गाडीमागे पळणार मी. चिमटाही मीच काढीन. काठीची सवय नसेल तर राहू दे ती. डावा पाय तेवढा लक्षात ठेवा, हात मी धरतो.